मिठागरातली बाई तोंडाला गोगलगाय लावते

मिताली मांद्र्याला एका स्पामध्ये कामाला आहे.
शिरोड्याच्या तिठ्यावर एसटीतून उतरली,
घरी येऊन पाणीसुद्धा न पिता पर्समधून बाटली काढली.
वर कोरियाची अक्षरं,
चौकोन, गोल, काड्या,
कुणी घरांचे नकाशे काढावेत तशी.
"मावशी, ह्या लाव रातीक तोंडाक.
गोगलगायचो चीक आसा."

मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.
सव्वीस वर्षं मी मिठागरात आहे.
गोगलगायीचं मीठ काय करतं
ते मला कुणी सांगायला नको.
चिमूट पुरते.
आधी फेस, मग हिरवट पाणी,
मग शंख, हलका,
केरसुणीनं लोटला तरी वाजणारा.

आणि माझ्या तोंडाचं मीठ काय करतं, तेही.
मार्चात वाफे पेटतात,
वरून एक सूर्य, खालून एक.
गालांची साल निघते,
ओठ हसले की चिरतात,
म्हणून द्रुपदाच्या चावट गोष्टींना
मी नाकानं हसते.

रात्री नवरा घोरायला लागल्यावर
दोन थेंब घेतले.
तार सुटली,
भेंडी चिरताना सुटते तशी, पण हट्टी,
तोडली तरी मागे मागे येणारी.
वास येईल म्हणून थांबले. आला नाही.
गालावरून कुणीतरी चाललं होतं,
घाई नसलेलं.

घाई नसलेलं असं माझ्या गालावरून
आजवर काही गेलं नव्हतं.

सासू मला म्हणायची,
गोगलगाय नि पोटात पाय.
मजुरीतले वीस वीस रुपये मी
तांदळाच्या डब्यात तळाला ठेवायचे, तेव्हा.
खरंच होतं तिचं.
पायांवाचून चालले असते कशी?

पंधरा दिवसांत साल निघायची थांबली.
चिकानं असेल,
किंवा आगर बंद झालं म्हणून असेल,
मे सरला की चेहऱ्यालाही रजा मिळते.
मिताली म्हणाली, चिकानंच.
द्रुपदा म्हणाली, "गे, तू चकाकतंस,
बांगड्यासारी."
ताज्या बांगड्यासारखी का, ते विचारायचं राहिलं.

श्रावणात त्या आल्या,
पडवळाच्या मांडवावर, मूठ मूठ एवढ्या,
एका रात्रीत सात पानं.
मी विजेरी घेऊन उभी,
एका हातात मिठाची वाटी,
तोंडाला त्यांचाच चीक.
लाज वाटली का?
वाटली, उजव्या गालाला थोडी.
मग टाकलं मीठ.
पडवळ कोण देणार मला, कोरिया?

एक तेवढी उचलून
कुंपणापलीकडे ठेवली,
मुकादमाच्या दोडक्यावर.

मिताली सांगते, तिकडे मारत नाहीत त्यांना.
काळोख्या खोलीत जाळीवर फिरवतात,
खाली चीक साठतो,
मग त्या परत पाला खायला मोकळ्या.
"फिरवता कोण? बायो?"
"माका काय म्हायत, मावशी."

बायाच असणार.
असलं हळू काम दुसऱ्या कुणाला देतील?
तिचे हात कसे असतील, विचार येतो.
लोण्यासारखे, दिवसभर चिकात बुडालेले,
की तिच्याही बोटांना
दुसरंच काही होत असेल, जे इकडे कुणाला ठाऊक नाही?
ती घरी गेल्यावर जेवणात मीठ टाकत असेल ना,
आधी हात नीट धुऊन,
दोनदा.

बाटली संपली.
धुतली, उन्हात वाळवली,
आगरातलं जाडं मीठ भरलं,
म्हटलं, मांडवाशी ठेवू, हाताशी राहील.
पंप दाबते आहे कधीची.
एक खडा येत नाही.
नळीच्या तोंडाशी अजून थोडा चीक उरलाय,
तो मात्र आला,
बोटावर, खारट.